नाव कोनाचं हाय?

यमुनाबाई सोनकुसरे पहिल्यांदा माझ्या खोलीवर आल्या तेव्हा मी त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला. त्यांनी तो तोंडाला लावला नाही. उजेडाकडे धरून गोल फिरवला आणि त्यावर कोरलेली अक्षरं शाळेतल्यासारखी मोठ्यानं वाचली, "चि. सुधाकर यास शुभविवाहानिमित्त. मामा-मामी." मग घटाघटा पाणी प्यायल्या, पेला खाली ठेवला आणि विचारलं, "सुधाकर कोन?"

"माझे मिस्टर."

"मंग लग्न का त्याच्या एकट्याचंच झालं वं?"

मी हसले. त्यांनी मात्र फडताळावरची बाकीची भांडीही वाचून काढली. डबा सासऱ्यांच्या नावाचा, परात आतेसासूबाईंकडून पुन्हा सुधाकरलाच. माझ्या माहेरून आलेल्या कळशीवर वडिलांचं नाव होतं. "भूगोलवाल्या हाव तुम्ही," त्या म्हणाल्या, "या नकाशात तुमचा गाव कोठं हाय थे शोधून ठेवा."

मी मूळची अमरावतीची. नवरा चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत सर्व्हेअर, आठवड्याला एकदा येणारा, आणि मला आंधळगावच्या शाळेत नोकरी लागलेली. म्हणून मी मोहाडीत खोली घेतली. यमुनाबाई त्याच शाळेत इतिहास शिकवायच्या. त्यांचं सासर मोहाडीचं आणि माहेर आंधळगावातच, विणकरांच्या गल्लीत. "दिवसभर माहेरी नोकरी, रात्री सासरी मुक्काम," असं त्या म्हणायच्या, "माह्यासारखी सुखी बाई साऱ्या जिल्ह्यात नाई."

उंच, सडपातळ, चालीला भरधाव. अंगावर कायम वडिलांच्या मागावरची सुती साडी, रुंद काठाची, खळ इतकी कडक की त्या वळल्या की साडी क्षणभर मागे राहायची. बसमध्ये त्या खिडकीशी बसत आणि हंगामात मांडीवर शिंगाड्यांचा पुडा असायचा. तळ्यातले ओले, काळेशार शिंगाडे दातांनी फोडत त्या मला मोहाडी ते आंधळगाव एवढ्या अंतरात दोन हजार वर्षांचा इतिहास सांगत. सालपटं खिडकीबाहेर, इतिहास माझ्या कानात.

तो इतिहास राजांचा नसायचा. लढाया त्या वर्गात भराभर उरकायच्या. त्यांचा जीव एकाच गोष्टीत होता, लग्न झालेल्या बाईचं स्वतःचं असं काय असतं. पोथ्यांमध्ये स्त्रीधनाचे प्रकार कसे सांगितलेत, लग्नाच्या अग्नीसमोर मिळालेलं, सासरी निघताना मिळालेलं, कुणी मायेनं दिलेलं, हे त्या बोटांवर मोजायच्या. मग डोळे बारीक करायच्या. "आता पाय, गंमत इथं हाय. दुष्काळ पडला, धर्माचं काम निघालं, आजारपण आलं, नाईतर नवरा कैदेत सापडला, तर बायकोचं धन घेतलं तरी वापस द्यायची गरज नाई म्हणते. मले सांग, यातलं एकही नाई असा दिवस कोन्या नवऱ्याच्या पंचांगात हाय?"

पुढच्या सीटवरचा धोतरवाला म्हातारा एकदा मागे वळून म्हणाला, "बाई, इंग्रजाईच्या बायका बऱ्या होत्या मंग."

"कायच्या बऱ्या जी!" यमुनाबाई पुढे वाकल्या. "गादीवर रानी राज्य करून राहिली होती, आन तिच्याच राज्यातल्या बाईचं लग्न झालं का तिची पेटी-बोचकं नवऱ्याचं. लय वर्षं भांडल्या तवा कुठं कायदा झाला. आमच्याकडं तर विधवेले नवऱ्याचं शेत भेटे, पन जिवंत असेपर्यंत खायापुरतं. इकता येत नाई, कोनाले देता येत नाई. स्वातंत्र्य आल्यावर छप्पनचा कायदा आला तवा थे पुरं तिचं झालं."

म्हाताऱ्यानं धोतराचा सोगा सावरला. मग म्हणाला, "माह्या बहिणी समजदार हायत. त्याहीनं सही करून देल्ली."

"साडी कोन्या रंगाची देल्ली?" यमुनाबाईंनी विचारलं. अख्खी बस हसली.

साडीची गोष्ट तिकडे सगळ्यांना ठाऊक होती. बाप गेला की भाऊ बहिणींना कचेरीत नेतात, बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात, भाऊ साडी-चोळी करतो, सगळे मिळून जेवतात. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. यमुनाबाई वर्गात म्हणायच्या, "एवढ्या मोठ्या जिल्ह्याची वाटनी झाली. तालुके गेले, जंगल गेलं, तळे गेले. कोनी म्हटलं का घर फुटलं म्हणून? आन बाईनं एक खोली मागितली का घर फुटते!"

एकदा त्यांनी आठवीच्या वर्गाला घरचा अभ्यास दिला. वहीत काही लिहायचं नव्हतं. घरी जाऊन आईला एकच प्रश्न विचारायचा, "या घरात तुझ्या नावाचं काय आहे?" दुसऱ्या दिवशी मुलं उत्तरं घेऊन आली. कुणाच्या आईचा पाटा-वरवंटा होता, कुणाच्या आईच्या कोंबड्या. एका मुलाची आई म्हणाली होती, "तूच हायस." त्या मुलाला बाईंनी बाकावर उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या, आणि मग म्हणाल्या, "पन याच्या नावापुढं बापाचंच नाव लागते, बरं का."

तिसऱ्या दिवशी गभने नावाचे धानाचे व्यापारी शाळेत येऊन धडकले. आम्ही शिक्षकखोलीत डबे उघडत होतो.

"मॅडम, तुम्ही पोट्टीले का शिकवून राहिल्या?"

"इतिहास."

"इतिहासात माही म्हैस कोठून आली?"

झालं असं की, मुलीनं आईला प्रश्न विचारला. आईनं तो जेवताना नवऱ्याला विचारला. गभने मोकळ्या मनाचे, म्हणाले, सारं तुझंच आहे. त्यावर बायको म्हणाली, "मंग म्हैस माह्या बहिणीले देऊन टाकू का? तिचे लेकरं दुधाबिना हायत."

"मंग?" यमुनाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडत विचारलं. "देल्ली का?"

"म्हैस का कोनी देऊन टाकते?"

"मंग सारं तिचं कसं?"

बाईंनी त्यांच्यापुढे डब्याचं झाकण सरकवलं, त्यात वाटाण्याची उसळ होती. ते बसले, खाल्लं, चहा घेतला आणि कुणावर रागवायला आलो होतो ते बहुधा विसरून निघून गेले. महिन्याभरानं त्यांच्या मुलीनं वर्गात सांगितलं की म्हैस आता आईची झाली. आईनं ती बहिणीला दिली नाही, पण रोज तांब्याभर दूध मात्र विचारल्याशिवाय पाठवते.

लोकांना घाबरवणारी ही बाई घरी अगदी वेगळी होती. त्यांचे यजमान जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करायचे, अत्यंत मऊ बोलणारा माणूस. घर दोघांच्या नावावर होतं आणि दारावरच्या पाटीवर यमुनाबाईंचं नाव वर. मी विचारलं तर म्हणाल्या, "मी उंच हावो म्हणून." यजमान आतून म्हणाले, "आन पाटी मीच ठोकली, म्हणून सरळ हाय."

मग त्यांचे वडील वारले.

वय झालं होतं, माग चालवता चालवता खोकला लागला आणि पंधरवड्यात गेले. आई आधीच गेलेली. मागे राहिले यमुनाबाई आणि त्यांचा धाकटा भाऊ मनोहर. मिळकत म्हणजे विणकर गल्लीतलं कौलारू घर. पुढे माग, मागे दोन खोल्या, परसात विहीर. वडिलांनी ते स्वतःच्या कमाईतून बांधलेलं. कायद्यानं अर्धं मनोहरचं, अर्धं यमुनाबाईंचं.

तेरावं होईपर्यंत शाळेत कुणी बोललं नाही. नंतर मात्र सगळे तेच बोलू लागले. "आता पाहू बाईचा इतिहास," एक सर म्हणाले. हक्क मागितला तर भावाच्या तोंडचा घास काढला म्हणणार, सोडला तर दुसऱ्याला सांगे ब्रह्मज्ञान म्हणणार. दोन्ही वाक्यं तयार होती.

आणि यमुनाबाई गप्प झाल्या. बसमध्ये शिंगाड्यांचा पुडा मांडीवर तसाच राहू लागला. एक दिवस खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मले घर पाहिजे नाई वं. मले माह्यं घर हाय. पन सही करतो म्हटलं तर हात चालत नाई. आन नाई करत म्हटलं तर जीव घाबरते. माहेर तुटलं तर कोठं जाऊ मी?"

इतकी वर्षं बाया त्यांना हेच सांगत आल्या होत्या. आता तेच मी त्यांच्या तोंडून ऐकत होते.

त्या रविवारी मनोहरनं त्यांना जेवायला बोलावलं. त्या मला सोबत घेऊन गेल्या. "तू असली का मी नीट बोलीन," म्हणाल्या. मनोहर चाळिशीचा, खांदे माग ओढून ओढून रुंद झालेले, बहिणीपुढे मान खाली. त्याची बायको शेवंता जमिनीवर बसून रहाटावर कांड्या भरत होती. मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात घालायचं सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळायचं, ते काम. लग्न होऊन आली तेव्हापासून ती तेच करत होती. केसांत सुताची कापसासारखी धूळ.

जेवणं झाली. मनोहरनं आतून साडी आणली. जांभळी, जरीच्या काठाची, त्यानं स्वतः विणलेली. ती बहिणीच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "बाई, रीत हाय. तुले का सांगू मी."

यमुनाबाईंनी साडीवरून हात फिरवला. काठ उलटा करून वीण बघितली. "हात बाबासारखा बसला तुह्या," म्हणाल्या. मनोहरचे डोळे भरून आले. मला वाटलं, झालं, आता सही होणार.

पण त्यांची नजर शेवंताकडे गेली.

"शेवंता, या घरात तुह्यं का हाय वं?"

रहाट थांबला. शेवंतानं वर पाहिलं. तिला प्रश्न कळला नसावा असं वाटलं. मग ती अगदी साधेपणानं म्हणाली, "माह्यं का राहीन, बाई? मीच घराची हावो." आणि पुन्हा रहाट फिरवू लागली.

यमुनाबाई साडी बाजूला ठेवून सरळ बसल्या.

"मनोहर, मी माह्या हिस्सा ठेवत नाई. सोडतो. पन तुले देत नाई. शेवंताले देतो. बक्षीसपत्र करू."

"मंजे?"

"मंजे अर्धं घर तुह्यं, अर्धं तिचं."

मनोहर हसला, मग त्याला कळलं की थट्टा नाही. "बाई, काहून असं करून राहिली? घर तं घरातच रायते!"

"तेच तं. घरातच रायते. मंग तुले काहून दुखून राहिलं?"

मनोहर चिडला. लोक काय म्हणतील, बायकोपुढे माझी इज्जत काय राहील, बापानं माझ्यासाठी बांधलं, असं बरंच बोलला. शेवटी म्हणाला, "मले वाटलं होतं तू भांडून हिस्सा नेशील. थे बरं झालं असतं." आणि पायात चपला घालून निघून गेला. शेवंता भिंतीला टेकली होती. "मले नोको, बाई," ती म्हणाली, "मले नांदाचं हाय इथं."

"नांदाचंच हाय," यमुनाबाई म्हणाल्या. "गुरुवारी मोहाडीच्या कचेरीत ये. नाई आली तरी राग नाई." जाताना त्यांनी साडी उचलून पिशवीत घातली. "ही मातर मी नेतो. भावानं विणली हाय."

गुरुवारी आम्ही रजा टाकली. मी साक्षीदार म्हणून, दुसरे साक्षीदार म्हणून गभने. हो, तेच म्हशीवाले. स्वतःहून आले होते. "मॅडमनं सांगितलं का यावंच लागते, नाईतर आमच्या घरी पुन्हा अभ्यास पाठवतीन," म्हणाले. कागद तयार होता. घेणारी आल्याशिवाय काही होणार नव्हतं. कचेरीच्या आवारातल्या कडुनिंबाखाली आम्ही बसलो. दुपार झाली. कचेरीतल्या बाबूनं दोनदा बाहेर येऊन विचारलं. यमुनाबाईंनी पर्समधून अडकित्ता काढला, सुपारी कातरली, पण तोंडात टाकली नाही. नुसतीच कातरत राहिल्या.

गभने म्हणाले, "नाई येत थे, मॅडम. भेली असन."

"भ्यानं बरोबर हाय," यमुनाबाई म्हणाल्या. "मीबी भेतो."

आणि तेवढ्यात रस्त्यावर काळीपिवळी जीप थांबली. दाटीवाटीनं बसलेल्या माणसांतून आधी एक पिशवी बाहेर आली, मग शेवंता. एकटी. डोक्यावर पदर, पदराला सुताचे धागे चिकटलेले. भरभर चालत आली आणि कुणाकडे न बघता यमुनाबाईंसमोर उभी राहिली.

"त्याईले सांगून आली," ती म्हणाली. "लपून नाई आली. काही बोलले नाई थे. मी कांड्या भरून ठेवल्या, भात झाकून ठेवला आन आली."

आत बाबूनं विचारलं, "अंगठा का सही?"

"सही," शेवंता म्हणाली. चौथीपर्यंत शिकलेली होती. पेन हातात घेतलं आणि 'शेवंता' लिहून थांबली. पुढचं आडनाव तिनं कधी लिहिलंच नव्हतं, लग्नानंतर तिला कधी सही करावी लागली नव्हती. आम्ही सगळे वाकून उभे. मला राहवेना, मी तोंड उघडलं तर यमुनाबाईंनी माझा हात दाबला. शेवंतानं ओठ हलवत एकेक अक्षर जुळवलं आणि लिहिलं. मोठं, तिरपं, रेघेबाहेर गेलेलं. मग पेन ठेवून पदरानं घाम पुसला. बाहेर आल्यावर गभन्यांनी सगळ्यांना भजी खाऊ घातली.

त्यानंतर मनोहर बहिणीशी बोलायचा बंद झाला. भाऊबीज आली. त्याचं बोलावणं आलं नाही. यमुनाबाईंनी त्या दिवशी सकाळी यजमानांना म्हटलं, आज आपण आंधळगावला जायला नको, घरीच चकल्या खाऊ. दुपारी फोन वाजला. गल्लीतल्या दुकानातून शेवंता बोलत होती. "बाई, या. पाट मांडला हाय."

"मनोहर बोलावते का?"

शेवंता म्हणाली, "घर माह्यंबी हाय ना, बाई. मी बोलावून राहिली."

त्या गेल्या. मनोहर पाटावर बसला, ओवाळून घेतलं, तोंडातून शब्द काढला नाही, आणि ताटात मात्र मोठी नोट टाकली. पुढली दोनेक वर्षं असंच चाललं. शेवंता बोलवायची, भाऊ मुका राहायचा, यमुनाबाई जाऊन जेवून यायच्या. "माहेर भावाचं रायते म्हणतेत," त्या मला म्हणाल्या, "माह्यं भौजाईच्या नावाचं हाय. जास्त पक्कं."

मनोहर बोलला तो असा. मागाचं काम मंदावलं होतं. यंत्रमागाच्या स्वस्त साड्यांपुढे हातमाग टिकेना. तुमसरचा एक दुकानदार ते घर गोदामासाठी घ्यायला तयार झाला, आणि मनोहरनं नागपूरला जाऊन कारखान्यात काम धरायचं ठरवलं. सौदा जवळजवळ झाला. मग दुकानदाराला कळलं की अर्ध्या घराची मालकीण दुसरीच आहे. शेवंताला सही मागितली, तर ती म्हणाली, "मी नागपुरात जाऊन कोनाच्या घरात राहू?" आणि सही केली नाही.

मी त्या संध्याकाळी यमुनाबाईंकडेच होते. मनोहर सायकलवरून तडक आला, ओट्यावर उभा राहिला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा बहिणीशी बोलला, "बाई! तू माह्यं घर बुडवलं! तिच्या सहीबिना होत नाई म्हणते थो!"

यमुनाबाईंनी आधी तोंडावर पदर घेतला. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. मग मनोहरचाही आवाज खाली आला, आणि थोड्या वेळानं तो ओट्यावर बसून, चहा पीत, शेवंताचं म्हणणं बहिणीला समजावून सांगत होता, जणू ते त्याचंच होतं. पुढच्या खोलीत साड्यांचं छोटं दुकान काढायचं, गोंदिया-नागपूरच्या व्यापाऱ्याला न देता गिऱ्हाइकाला थेट विकायचं, एक माग आतल्या खोलीत हलवून चालू ठेवायचा. "येडी हाय," तो म्हणाला, "पन हिशोब बरोबर लावते."

दुकान निघालं. फार मोठं नाही, पण घर राहिलं.

पुढे सुधाकरची बदली झाली आणि माझी नोकरीही अमरावतीकडे गेली. निघण्याच्या आदल्या दिवशी मी निरोप घ्यायला यमुनाबाईंच्या घरी गेले, तर यजमान म्हणाले, माहेरी गेल्या आहेत, दिवाळीचा फराळ करायला. मी आंधळगावला गेले. पुढच्या खोलीत शेवंता दोन बायकांना साडी उलगडून दाखवत होती. मला पाहून तिनं बोट ओठांवर ठेवलं. "झोपल्या हायत. उठवू का?"

मी नको म्हटलं आणि दारातून आत पाहिलं. मागाच्या खोलीत, भिंतीशी चटईवर, यमुनाबाई आडव्या झाल्या होत्या. तोंड किंचित उघडं, एक हात डोक्याखाली, बेसनाचे हात धुवायचे राहिलेले. जन्मभर बोलणारी ही बाई मी पहिल्यांदाच झोपलेली पाहत होते. मनोहर मागावर बसला होता, पण धोटा हातात धरून, न हलता. बहिणीची झोप मोडू नये म्हणून त्यानं माग थांबवला होता. मला पाहून त्यानं नुसती मान हलवली.

त्या शांततेनं यमुनाबाई चाळवल्या. डोळे मिटलेलेच, कपाळाला आठी पडली.

"काहून बंद केला गा, मनोहर?"

मनोहरनं धोटा सोडला. खट्, खट् करत माग पुन्हा सुरू झाला. कपाळावरची आठी गेली, त्यांनी कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड करून गाढ झोपल्या. मी हलकेच चपला घातल्या आणि तशीच निघाले.